दूध हिंदकळू न देणारी वाट

कुरणेवाडीच्या ज्ञानू पुकळेला तुम्ही पहिल्यांदा भेटलात, तर तो तुमच्या तोंडाकडे बघणार नाही. तुमच्या पायाखाली बघेल. आपण बोलत राहावं आणि समोरच्यानं आपल्या चपलेजवळचा खडा टाचेनं बाजूला सारावा, असा त्याच्याशी गप्पा मारण्याचा अनुभव. रंगुबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, म्हणणं असं की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही ह्या माणसानं आधी खाली वाकून नवरीच्या पाटाजवळची जमीन सारखी केली, आणि मग नवरीकडे बघितलं. रंगुबाई सांगते त्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं. पण उरलेलं निम्मं पक्कं असतं.

कुरणेवाडीचं तळं दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. बांध माण तालुक्यात, म्हणजे साताऱ्यात, आणि पाण्याचं शेपूट आटपाडीकडं, म्हणजे सांगलीत. अलीकडचे लोक त्याला कुरणेवाडीचं तळं म्हणतात, पलीकडचे बनखोपचा तलाव. तळं भरलं की दोन्ही गावं हक्क सांगायला उभी राहतात आणि आटलं की दोन्ही गावं "तुमच्या तळ्याला काय झालं?" म्हणून एकमेकांना विचारतात.

ह्या तळ्याला ज्ञानूनं सव्वीस वर्षं सायकलीवरून प्रदक्षिणा घातली. देवासाठी नव्हे, दुधासाठी. बनखोपच्या वस्त्यांवरचं दूध कुरणेवाडीच्या डेअरीत आणायचं, सकाळी एक खेप आणि संध्याकाळी एक. काळी दणकट सायकल, मागं कॅरियरला दोन्ही अंगांना लटकवलेल्या दोन मोठ्या किटल्या. आता दूध वाहणं म्हणजे पाणी वाहणं नव्हे. खडबडीत वाटेवर ते किटलीतल्या किटलीत घुसळतं, लोण्याचे कण वर येतात, आणि डेअरीत त्याला फॅट कमी लागतं. मग बाई म्हणते, माझ्या म्हशीचं दूध कालपर्यंत चांगलं होतं, वाटेत ह्यानं काय केलं? म्हणून बाकीचे गवळी किटलीत कडब्याच्या चार काड्या टाकायचे. काड्या वर तरंगतात, दूध कमी हिंदकळतं. ज्ञानूनं सव्वीस वर्षांत एकदाही काडी टाकली नाही. काडी टाकायची पाळी आली म्हणजे वाट चुकली, असा त्याचा हिशेब.

त्याची वाट त्यानं स्वतः काढली होती. वाट कसली, तीन वाटा. मेंढरं चढाला सरळ तोंड देत नाहीत, डोंगराच्या पोटातून आडवी जातात. त्या मेंढरांचा माग धरून त्यानं भरल्या तळ्याची एक वाट वर काढली, अर्ध्या तळ्याची एक मधून आणि उन्हाळ्यातली एक अगदी खाली, वाळलेल्या गाळाच्या काठानं. तेरा किलोमीटरच्या फेऱ्यात कुठं दगड वर आला, कुठं उंदरानं बीळ केलं, कुठं पावसानं ओघळ पाडला, हे त्याच्या बुडाला डोळ्यांच्या आधी कळायचं.

पुढं डेअरीचा टेम्पो थेट बनखोपला जायला लागला आणि ज्ञानूची खेप बंद झाली. किटल्या माळ्यावर गेल्या. माणूस मात्र वाटेवरच राहिला. घमेलं आणि कुदळ सायकलीला बांधून तो दर आठ-पंधरा दिवसांनी निघायचा आणि कुणी वापरत नसलेल्या वाटेवरचे दगड वेचून यायचा. पारावरचे म्हातारे विचारायचे, "काय ज्ञानू, वाटंची दाढी करून आलास व्हय?" तो मान हलवायचा. त्याला थट्टा कळायची नाही असं नाही. पण उत्तर द्यायला वर बघावं लागतं, आणि ती सवय त्याला नव्हती.

ह्या सगळ्यात त्याचा एकच साथीदार होता, नाथाजी सरगर. बनखोपचा, रंगुबाईचा धाकटा भाऊ. पूर्वी वस्तीवस्तीवरचं दूध गोळा करून ज्ञानूच्या किटल्या भरून द्यायचं काम त्याचं, आणि आता फाट्यावर चहाची टपरी. ज्ञानू जितका मुका, तितका हा बोलका. सकाळी नाथाजीच्या कानात घातलेली गोष्ट चहा निवायच्या आत म्हसवडला पोचते, असं बनखोपमध्ये म्हणतात. म्हसवडची माणसं म्हणतात, पोचते, पण येताना जाड होऊन येते. तरी ह्या मेहुण्यांचं सूत असं, की आठवड्यातून दोनदा नाथाजी मोटरसायकल घेऊन यायचा, "दाजी" म्हणून ओसरीवर बसायचा आणि दोन तास एकटाच बोलून जायचा. तो गेला की ज्ञानू रंगुबाईला म्हणायचा, "बरं झालं, आज गप्पा झाल्या."

तर अशा ह्या ज्ञानूच्या वाटेवर दोन वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, दोघंजण सायकली घेऊन उतरले. एक साताऱ्याचा वीरधवल, घरी बसून कंपनीचं काम करणारा इंजिनियर, आणि दुसरी सांगलीची साक्षी, कॉलेजात शिकवणारी. ज्ञानू त्यांच्या सायकलींकडं बघतच राहिला. चाकं ट्रॅक्टरच्या नात्यातली. कॅरियर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही, आणि उभी करायला स्टँडसुद्धा नाही. एवढी भारी सायकल घेऊन माणसाला ती भिंतीला टेकवायला लागते, ह्याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

दोघांना तळ्याभोवतीची वाट बघायची होती. ज्ञानू पायजमा खोचून आपल्या काळ्या सायकलीवर पुढं निघाला. चिखलामुळं सगळा पावसाळा वाटेला हात लागला नव्हता. जागोजागी ओघळ, उघडे पडलेले दगड, वेड्या बाभळीचे फाटे आडवे. ज्ञानूला शरमेनं मान वर करवेना. आणि मागून ही दोघं प्रत्येक खड्ड्याला खूश होऊन ओरडत येत होती. ज्ञानूला वाटलं, तळं बघून ओरडताहेत. शहरातल्या माणसाला पाणी बघून तसं होतं.

फेरा झाल्यावर घामानं भिजलेला वीरधवल म्हणाला, की अशी वाट सातारा-सांगलीत दुसरी नाही. डिसेंबरात इथं मोठी स्पर्धा घेऊ, दोनशे सायकली येतील. वाटेला तुमचं नाव देऊ, बांधावर पाटी लावू, आणि पहिल्या फेरीला झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढं तुम्हीच असाल.

ज्ञानू चाचरत बोलला, की ह्या वर्षी वाट जरा खराब झाली आहे, नीट करून देतो.

"करा ना काका," वीरधवल म्हणाला. "तुमच्या पद्धतीनं करा."

त्याला म्हणायचं होतं, बाभळीचे काटे तेवढे काढा. पण ज्ञानूनं ते शब्द जसेच्या तसे घरी नेले आणि रंगुबाईला तीनदा सांगितले. त्याचं नाव आजवर रेशनकार्डावर आणि डेअरीच्या जुन्या वहीत, ह्यापलीकडं कुठं लिहिलं गेलं नव्हतं. आता वाटेला ते लागणार होतं, म्हणजे वाट तशी हवी. पाहुण्याच्या पायाला खडा लागला तर नाव कुणाचं जाईल?

दोन महिने माणूस घरात फक्त जेवायला आला. अर्ध्या तळ्याची वाट त्यानं सगळी उकरली. दगड वेचले, ओघळ मुरमानं भरले, वर माती टाकली, तळ्यातून हंड्यानं पाणी आणून शिंपडलं आणि धुमसानं ठोकून ठोकून जमीन अशी केली की अंगण मागं पडावं. एक टप्पा झाला की काठोकाठ भरलेला दुधाचा तांब्या कॅरियरला बांधून तो सायकल चालवायचा. थेंब सांडला तर तो टप्पा पुन्हा. रंगुबाई म्हणायची, चहाला दूध नाही आणि वाटेला नैवेद्य. नाथाजी येऊन बघून गेला, वाटेवर अनवाणी चालला, म्हणाला, "दाजी, हिच्यावर झोप लागंल मानसाला." ज्ञानूनं त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.

स्पर्धेला अडीच आठवडे उरले असताना रंगुबाईनं जतचं काढलं. तिच्या चुलत बहिणीच्या नातीचं बारसं आहे, जायलाच पाहिजे. ज्ञानूला नवल वाटलं. ह्या चुलत बहिणीशी रंगुबाई अकरा वर्षं बोलत नव्हती; एका साडीवरून बिनसलं होतं आणि त्या साडीचा रंग अजून तिला पाठ होता. पण बायको माहेरच्या माणसांशी गोड होत असेल तर नवऱ्यानं मध्ये बोलू नये, एवढं शहाणपण ज्ञानूला होतं. तो कपडे घालून निघाला.

बारसं एका सकाळीत उरकलं. ज्ञानू पिशवी काखेत मारून उभा राहिला, तर रंगुबाई म्हणाली, आजचा दिवस राहू. दुसऱ्या दिवशी बाळाला न्हाऊ घालायचं होतं. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. जी बाई सख्ख्या मावशीकडं दुसऱ्या रात्रीला थांबत नाही, ती त्या अकरा वर्षांच्या वैरिणीच्या घरी चार दिवस राहिली आणि शेवया करू लागली. ज्ञानू ज्वारीच्या गंजीच्या सावलीत बसून राहिला. त्या घराचे व्याही कानडी मुलखातले, येता-जाता कुणीतरी "ऊटा आयता?" म्हणून जेवण झालं का विचारायचं, आणि ह्याला तेवढंच कळायचं, म्हणून तो दर वेळी होय म्हणायचा. एकदा त्यात जेवणच हुकलं.

पाचव्या दिवशी घरी आल्या आल्या तो पाणीसुद्धा न पिता सायकल काढून वाटेवर गेला. बांधापासून पाचशे पावलांवर सायकल थांबली. पुढं वाट नव्हती.

म्हणजे होती, पण त्याची नव्हती. वेचून बांधाला लावलेले दगड परत मधोमध आणून टाकलेले. भरलेले ओघळ पुन्हा खणून खोल केलेले. चढाला पायऱ्या पाडलेल्या, उताराला कुणीतरी कमरेएवढा धस, म्हणजे उभा कडाच, कापून काढलेला. ज्ञानू सायकल हातात धरून तेरा किलोमीटर चालला. सगळीकडं तेच. तो म्हातारा माणूस एका दगडावर बसला, आणि ज्या दगडावर बसला तो दगड त्यानंच दीड महिन्यापूर्वी पहारीनं उचकटून लांब नेऊन टाकला होता, हे त्याच्या बसल्यावर ध्यानात आलं.

ही बातमी नाथाजीच्या टपरीवर कळली तसा तो मोटरसायकलीवर धावत आला. त्यानं कपाळावर हात मारला. ज्ञानूबरोबर अर्धी वाट चालला. ज्याचं कुणाचं हे काम असेल त्याच्या सात पिढ्यांना त्यानं अशी काही फुलं वाहिली की झुडपातले तितर उडाले. दोन्ही गावांतल्या चार संशयितांची नावं काढली, एकेकाचा जुना इतिहास सांगितला, आणि मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आता दाजी, तुम्ही जिवाला त्रास करून घेऊ नका, जे व्हायचं ते झालं, वाट आहे तशी राहू द्या. ज्ञानूला त्या हाताचा आधार वाटला. बायकोच्या भावासारखा भाऊ नाही, असं तो त्या दिवशी पारावर म्हणालासुद्धा, आणि ते ऐकून दोन म्हाताऱ्यांना एकाएकी खोकला आला. तो खोकला कसला, हे ज्ञानूच्या लक्षात आलं नाही. खोकणाऱ्यांची तोंडं वर होती आणि तो खाली बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं पुन्हा कुदळ घेतली. दहा दिवसांत तेरा किलोमीटर होणार नाही, हे त्याला कळत होतं. निदान बांधाजवळचा, पाटीजवळचा तुकडा तरी व्हावा.

तिसऱ्या दिवशी वीरधवल आणि साक्षी आले. वाटेचा फेरा मारून घरी ओसरीवर येऊन बसले, तेव्हा दोघांच्या गुडघ्यांना माती आणि तोंडावर आनंद. ज्ञानू शब्द जुळवत होता, माफी कशी मागावी ह्याचे. तेवढ्यात साक्षीच म्हणाली, "काका, खरं सांगू? मागच्या वेळी तुम्ही म्हसवडला गेला होतात तेव्हा आम्ही येऊन बघून गेलो. वाट इतकी गुळगुळीत झाली होती, की आम्ही स्पर्धा दुसऱ्या तळ्यावर न्यायचं ठरवलं होतं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून नाथाजीमामांना सांगितलं. आणि मामा म्हणाले, चार दिवस द्या, दाजी स्वतः उभं राहून सगळं परत खडबडीत करून देतील. तुमच्या एवढं मोठं मन कुणाचं असतं हो?"

रंगुबाई चहा घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली, आणि कपातला चहा बशीत सांडला.

ज्ञानूनं पाहुण्यांना चहा दिला, वेशीपर्यंत सोडून आला, आणि परत येऊन रंगुबाईसमोर बसला. आयुष्यात फार कमी वेळा त्यानं कुणाच्या तोंडाकडं नीट बघितलं असेल. त्या दिवशी बघितलं.

"तुला कवापासनं म्हाईत?"

रंगुबाई बांगड्या मागं-पुढं करत राहिली. मग म्हणाली, "जतला जायच्या आदीपासनं."

"म्हंजी बारसं..."

"बारसं खरंच हुतं. पर म्या गेले नसते."

तिनं सांगायला सुरुवात केली. स्पर्धेच्या दिवशीची पिठलं-भाकरी दोन्ही गावांतल्या बायकांनी घेतली होती, तालुक्याची माणसं येणार होती, स्पर्धा गेली असती तर पाटी गेली असती, नाव गेलं असतं. नाथाजीनं बनखोपची दहा माणसं लावली, तुमच्या नावासाठीच लावली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. ज्ञानू सगळं ऐकून घेत होता. त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं, हीच अडचण होती. त्याच्या डोळ्यांपुढं सारखा मेहुणा येत होता, वाटेवर आपल्याबरोबर चालणारा, स्वतःच्याच सात पिढ्यांचा उद्धार करणारा, आणि मग खांद्यावर हात ठेवणारा. दगड परवडले. तो हात परवडला नाही.

त्या संध्याकाळी तो ताट घेऊन गोठ्यात जेवायला बसला. रंगुबाईनं दारातून विचारलं, भाकरी वाढू का? म्हैस तिच्याकडं बघत राहिली, तो नाही.

दुसऱ्या दिवसापासून कुदळ-घमेलं घेऊन ज्ञानू पुन्हा निघाला, पण मधल्या वाटेकडं फिरकला नाही. वरची, भरल्या तळ्याची वाट त्यानं धरली. त्या वर्षी पाणी तिथवर चढलंच नव्हतं, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आठवडाभर तो तिथं एकटा होता. गावाला वाटलं रुसलाय. नाथाजी दोनदा घरी येऊन गेला, दोन्ही वेळा ओसरी रिकामी. रंगुबाईनं भावाला सांगितलं, की चार दिवसांत निवळतील. ह्या बाईनं सदतीस वर्षं संसार केला होता, पण नवऱ्याला राग आलेला तिनं ह्याआधी बघितलेलाच नव्हता. अंदाज बांधणार कशावरून?

स्पर्धेचा दिवस उजाडला. बांधावर मांडव, कर्णा, दोनशे बिनस्टँडच्या सायकली जमिनीवर आडव्या टाकलेल्या. फेटे बांधलेली मंडळी खुर्च्यांवर. पाटीवर हिरवं फडकं झाकलेलं. नाथाजी नवा कडक शर्ट घालून मांडवभर फिरत होता, आणि जो भेटेल त्याला आपल्या दाजीचं कौतुक सांगत होता. त्यात वाटेचा प्रत्येक दगड दाजींनी कसा विचार करून बसवला, हेही होतं. ते ऐकून त्यानंच लावलेल्या दहा माणसांपैकी तिघं माना डोलावत होते.

ज्ञानूला पुढं बोलावलं. शाल, श्रीफळ, टाळ्या. वीरधवलनं त्याच्या हातात झेंडा दिला आणि दोन शब्द बोला म्हणून माईक तोंडाशी धरला. बायकांच्या बाजूला रंगुबाईनं पदर तोंडात धरला. नाथाजी पहिल्या रांगेत हसत उभा होता, पण त्याचं हसू एका जागी थांबलं होतं.

ज्ञानू खाली बघत म्हणाला, "वाट लय चांगली झालीया म्हनत्यात. पर ती मी केल्याली न्हाई. ह्यातला एक बी दगूड म्या ठिवला न्हाई. ही वाट नाथाजीची हाय. पाटीवर त्याचं नाव घाला, ही शाल बी त्याला घाला, आन झेंडा घिऊन त्योच फुडं जाईल."

एवढं बोलून त्यानं शाल मेहुण्याच्या खांद्यावर टाकली, झेंडा हातात दिला आणि गर्दीतून आपली सायकल काढून तो निघून गेला. मांडवात टाळ्यांचा पाऊस पडला. पाहुणे म्हणाले, काय दिलदार माणूस. दोन बायकांनी डोळे पुसले. त्या अख्ख्या गर्दीत ज्यांना खरं काय झालं ते कळलं, अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली रंगुबाई खुर्च्यांकडं पाठ करून पिठल्याच्या चुलीशी जाऊन बसली.

आता नाथाजीची पंचाईत बघा. सायकल सोडून त्याला वीस वर्षं झालेली. नाही म्हणावं तर दोन्ही गावं समोर, आणि वाट त्याचीच म्हणून आत्ताच कर्ण्यावरून जाहीर झालेलं. कुणीतरी जाड चाकांची सायकल त्याच्या हातात दिली, डोक्यावर टोप घातला, आणि झेंडा फडकवत नाथाजी सरगर निघाला. मागं दोनशे सायकली. पहिले चार-पाच किलोमीटर त्यानं दात-ओठ खाऊन काढले. मग तो उतार आला. कमरेएवढा धस कुठं कापला आहे हे त्याला ठाऊक होतं, कारण कापताना तो स्वतः काठावर उभा राहून "अजून खोल, अजून खोल" म्हणत होता. बनखोपची माणसं सांगतात, की तिथं त्याचे गाववाले बसले होते आणि त्यानं त्यांना हात केला. एका हातात झेंडा, दुसरा हात केलेला. म्हणजे सायकलीला काय उरलं, ते तुम्हीच बघा.

तो पडला तो डाव्या खांद्यावर. गळ्याजवळचं हाड मोडलं. पोरं गोळा झाली, कुणी पाणी शिंपडलं, कुणी फोन उंच धरून रेंज शोधत फिरलं. गाडी तिथवर येणं शक्य नव्हतं, आणि त्या दगडांतून, त्या पायऱ्यांवरून उचलून न्यावं तर दर पावलाला माणूस विव्हळायचा. तेवढ्यात वरच्या अंगाला, बाभळींच्या पलीकडं, काळी सायकल थांबलेली कुणाला तरी दिसली.

ज्ञानू खाली उतरला. त्यानं शालीनं मेहुण्याचा हात गळ्यात बांधला, दोघांच्या मदतीनं त्याला वर नेलं, कॅरियरवर बसवलं, उजव्या हातानं सीट धरायला लावलं, आणि निघाला.

वरची वाट कुणी उकरलेली नव्हती, ती आठवड्यात साफ झाली होती. सायकल त्या वाटेवरून अशी निघाली की चाकाचा आवाजही येईना. नाथाजी थोडा वेळ डोळे मिटून धक्क्याची वाट बघत राहिला. धक्का आला नाही. मग त्यानं डोळे उघडले, आणि तोंडही.

आधी त्यानं वाटेची स्तुती केली. मग हाडाची चौकशी केली, मोडलं असेल की नुसतं सरकलं. मग तो रडायला लागला, आणि रडता रडता पहिल्यापासून सगळं सांगितलं, दहा माणसांची नावं धरून. ज्ञानू पायडल मारत होता. समोर बघत होता, म्हणजे चाकापुढच्या चार हात जमिनीकडं.

"दाजी, शिव्या तरी द्या," नाथाजी म्हणाला. "तुमाला इचारलं असतं तर तुमी न्हाईच म्हनला असता का न्हाई? खरं सांगा."

बांध दिसायला लागला, कर्ण्याचा आवाज ऐकू यायला लागला. तेव्हा ज्ञानू म्हणाला, "न्हाईच म्हनलो असतो. पर इचारायचं."

बांधावर गाडी उभी होती. नाथाजीला त्यात घातलं. ज्ञानू सायकल वळवून निघून गेला, आणि त्यानंतर आजपर्यंत तो मेहुण्याशी एक शब्दही बोललेला नाही. रंगुबाईशी बोलतो, पण कामापुरतं. आणि माहेरच्या कुठल्याही कार्याला निघायचं म्हटलं, की आधी पत्रिका हातात घेऊन तारीख वाचतो.

नाथाजीचं हाड तीन महिन्यांत जुळलं. पण त्याला एक खोड लागली आहे, ती काही बरी होत नाही. तो दर दोन-तीन दिवसांनी कुरणेवाडीला येतो, ओसरीच्या खाली उभा राहतो आणि विचारतो. दाजी, म्हैस विकू का? दाजी, थोरलीला विट्याचं स्थळ आलंय, बघू का? टपरीवर पत्रा घालू का कौलं? परवा तर मिशी काढू का, हेही विचारून झालं. ज्ञानू कुदळीचा दांडा बसवत असतो, नाहीतर चाकात हवा भरत असतो. तो ऐकतो की नाही कळत नाही. नाथाजी थांबतो, आणि मग आतून रंगुबाई सांगते, विक बाबा म्हैस. बघ स्थळ. मिशी राहू दे. तसं तो करतो.

बांधावरची पाटी अजून उभी आहे, तिच्यावर नाथाजीचं नाव आहे. दर वर्षी सायकली येतात, आणि आयोजकांच्या नकाशात ज्ञानूची वरची वाटही आता दाखवतात, पडलेल्यांना न्यायची म्हणून. त्या वाटेला नाव नाही. दर खेपेला जाता जाता नाथाजी मोटरसायकल चालू करतो, परत बंद करतो, मागं वळून विचारतो, "दाजी, त्या पाटीवरचं माजं नाव खोडू का?"

ह्या एका प्रश्नाला आतून रंगुबाईचाही आवाज येत नाही.